तीनशे आठ हिरवे ठिपके

त्या शुक्रवारी सकाळी 'तीन बेडूक' पाळणाघराच्या खेळायच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आईबापांनी कामावरून तासाभराची सवड काढली होती. दोन वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या खुर्च्यांवर चाळीस मोठी माणसं गुडघे कानाला लावून बसली होती. टेबलावर लोणी-पाव, चीज, तीन थरांचा केक आणि त्यात खोचलेले लाल-पांढरे कागदी झेंडे. नगरपालिकेच्या बालविभागाच्या प्रमुख आनेलीसे खास आल्या होत्या, मांडीवर एक कागद आणि त्यावर टोपण काढलेलं पेन ठेवून. समोरच्या भिंतीवर भला मोठा काळा पडदा होता, आणि पडद्याच्या शेजारी कार्स्टेन.

कार्स्टेन सिद्धपुरुष वाटावा असा काही दिसत नव्हता. जटा नाहीत, कफनी नाही. राखाडी स्वेटर, गुळगुळीत डोकं, आणि पाळणाघराच्या नियमाप्रमाणे बुटांवर चढवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. चालला की चुरचुर आवाज यायचा. पण बोलायला लागला की ती चुरचुरही लोक भक्तिभावानं ऐकत.

"मित्रांनो," तो हलक्या आवाजात म्हणाला, "शिकणं ही आता घटना राहिलेली नाही. शिकणं हा प्रवाह आहे. ऑगस्टमध्ये या घरात अंधार होता. कोणाला काय येतं, कोणालाच ठाऊक नव्हतं."

त्यानं बोट हलवलं. पडद्यावर लाल ठिपक्यांची रांगच रांग उमटली. चौदा माणसं, बावीस धडे, तीनशे आठ ठिपके. आग लागली तर काय करायचं, घास अडकला तर काय करायचं, कान कसे पुसायचे, झोपवताना पट्टा कसा लावायचा. मग कुठंतरी मंद पियानो सुरू झाला आणि आठवड्यामागून आठवडा सरकत गेला तसा एकेक ठिपका हिरवा होत गेला. शेवटचा लाल ठिपका दोनदा मिचमिचला, हिरवा झाला, आणि सगळा पडदा पोपटाच्या पाठीसारखा दिसू लागला. शंभर टक्के. खोलीभर 'आऽ' असा आवाज झाला. मागच्या ओळीतल्या एका बापानं तर डोळे पुसले, पण त्याला सर्दीही होती.

"आणि आता हे बघा," कार्स्टेन म्हणाला. त्यानं सर्वांत खालच्या नावावर बोट ठेवलं. विबेके. सहा आठवड्यांपूर्वी सायकलवरून पडून तिचं मनगट मोडलं होतं, आणि तेव्हापासून ती बॉर्नहोम बेटावर बहिणीकडे होती. तरीही तिचे बावीसच्या बावीस ठिपके हिरवे. "हात प्लास्टरमध्ये. अंगावर रजा. पण ज्ञान थांबलं नाही. 'दीपस्तंभ' तिच्यापर्यंत पोचला."

'दीपस्तंभ' हे कार्स्टेननं इथं आणलेल्या, धडे शिकवणाऱ्या संगणक-प्रणालीचं नाव. समुद्र ओलांडून विबेकेच्या मोडक्या मनगटापर्यंत पोचलेल्या त्या उजेडाला चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या सोल्वायनं वाजवल्या नाहीत. तिच्या कडेवर विलुम होता, अकरा महिन्यांचा, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पण ती मनात म्हणत होती, पट्टा लावायला दोन हात लागतात. विबेकेनं तो धडा एका हातानं कसा पुरा केला?

हा प्रश्न तिला त्या दिवशी नव्यानं पडलेला नव्हता. दहा दिवस ती त्याच्याच मागे होती.

दहा दिवसांपूर्वी ती विलुमला न्यायला नेहमीपेक्षा तासभर आधी आली होती. चीजच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती काम करायची, आणि बाळंतपणाच्या रजेनंतर रुजू होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. जेवणं झाली की इथली सगळी पोरं अंगणात छपराखाली आपापल्या बाबागाडीत झोपतात, मग बाहेर पाऊस असो की बर्फ. घरात झोपलेलं पोर पिवळं पडतं असं सोल्वायची आजी म्हणायची आणि तिची आईही म्हणायची, आणि सोल्वायनं स्वतः हे कधी तपासून पाहिलं नव्हतं. असो. त्या दिवशी विलुमच्या गटाच्या छपराखाली बारा गाड्या होत्या. अकरा निश्चल. बाराव्या गाडीत विलुम उभा होता. गाडीची कड धरून, अर्धा बाहेर झुकून, तो कुंपणावरच्या पक्ष्याला काहीतरी समजावून सांगत होता. खाली फरशी होती.

तिनं पळत जाऊन त्याला उचललं तेव्हा तिला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, सायकलच्या कुलपाला चावी लागेना तेव्हा.

गाडीत झोपणाऱ्या पोराला अंगपट्टा घालतात, आणि त्याचे दोन्ही बाजूंचे चाप गाडीच्या आतल्या दोन कड्यांत अडकवतात. विलुमच्या पट्ट्याचे चाप कशातच अडकवलेले नव्हते. पट्ट्याचं टोक गाडीच्या दांड्याला बांधलं होतं. गाठ मात्र अशी सुबक, की बोट बुडाली तरी सुटली नसती. गाठ होती तिथंच राहिली होती, आणि पोरगं तेवढं वर आलं होतं.

ती गाठ प्रेबेनची होती. प्रेबेन चोपन्न वर्षांचा. तीस वर्षं फेरीबोटीवर खलाशी होता, बोट बंद झाल्यावर नवं काम शिकून पोरं सांभाळायला आला होता, आणि त्याला इथं येऊन दोन आठवडे झाले होते. पोरं त्याच्या दाढीला लोंबकळत. सोल्वायलाही तो आवडायचा, आणि म्हणूनच ती त्याला काही न बोलता सरळ संचालिका डोर्टेकडे गेली.

डोर्टेचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तिनं दारात लावलेल्या, ठिपक्यांचा तोच फलक दाखवणाऱ्या छोट्या पडद्याकडे पाहिलं, प्रेबेनच्या नावासमोर बोट फिरवलं, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"पण हा बघ ना. पट्ट्याच्या धड्यात तो हिरवा आहे. शंभरपैकी शंभर."

"अगं, पण पट्टा दांड्याला बांधला होता."

"हो गं. पण धडा तर पुरा केलाय त्यानं," डोर्टे म्हणाली, आणि ती इतक्या मनापासून म्हणाली की सोल्वायला क्षणभर वाटलं, आपणच चुकीचं पोर उचललं की काय.

घरी नवरा एस्बेन म्हणाला की तू चीजमध्ये जंतू शोधतेस ते ठीक, पण आता पाळणाघरातही शोधायला लागलीस. प्रयोगशाळेतल्या तिच्या पहिल्या वरिष्ठ बाईंची एक सवय तिला आठवत होती. कोणी येऊन सांगितलं की दुधाचं तापमान बरोबर आहे, की त्या आकडा विचारायच्याच नाहीत. त्या विचारायच्या, थर्मामीटर कुठं बुडवला होतास?

म्हणून दुसऱ्या दिवसापासून सोल्वाय दारातल्या त्या पडद्यासमोर रेंगाळू लागली. विलुमला जाड कपड्यांत कोंबायला एरवी पाच मिनिटं लागत, आता पंधरा लागू लागली. ठिपक्यावर बोट ठेवलं की धडा कधी पुरा झाला ती वेळ दिसायची. कार्स्टेनला या उघडेपणाचा मोठा अभिमान होता. आमच्याकडे काही झाकलेलं नसतं, असं तो सांगायचा. आणि खरंच, काही झाकलेलं नव्हतं. फक्त कोणी पाहत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की सगळं शिक्षण शुक्रवारी होतं. सोमवारी कोणी काही शिकत नाही, गुरुवारी कोणाला काही सुचत नाही. शुक्रवारी मात्र बरोबर सव्वानऊला ज्ञान उतरायला लागतं. सहाव्या दिवशी आणखी एक कळलं. ते सगळ्यांवर एकदम उतरत नाही. एकेका मिनिटाच्या अंतरानं, वर्णमालेच्या क्रमानं उतरतं. डोर्टे तिसरी. तिच्यानंतर बाकीच्या रांगेनं, प्रेबेन दहावा, टोवे तेरावी, आणि शेवटी बॉर्नहोमवरच्या विबेकेला नऊ वाजून सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांनी साक्षात्कार. मग दुसऱ्या धड्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. असे अकरा शुक्रवार. प्रेबेन मध्येच आला होता, म्हणून त्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याला अठरा धडे एकापाठोपाठ आले होते, अठरा मिनिटांत. एवढ्या वेळात सोल्वायला विलुमचा एक मोजा सापडत नसे.

हे कोणाच्या तरी बोटाचं काम आहे एवढं तिला कळलं. कोणाच्या, ते त्या समारंभाच्या सकाळीच कळलं, आणि तेही न शोधता. टाळ्या ओसरल्यावर डोर्टेनं तिला स्वयंपाकघरातून आणखी कप आणायला सांगितलं. विलुमला खोलीतल्या जाड गादीवर ठेवून सोल्वाय गेली आणि तिनं कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला केकची यादी चिकटवलेली होती.

केकची यादी नसलेलं कामाचं ठिकाण या देशात तिनं पाहिलं नव्हतं. दर शुक्रवारी एकाची पाळी, त्यानं घरून केक करून आणायचा. चीजच्या कारखान्यात तर माणूस आजारी पडला तर साहेबाला नंतर कळवतो, आधी केकची पाळी बदलून घेतो. पण या यादीत तीनऐवजी चार रकाने होते. तारीख, नाव, केक, आणि चौथ्यात पेन्सिलीनं धडे. 'टोवे, सफरचंदाचा, आग आणि कान.' 'डोर्टे, खोबऱ्याचा, घास आणि पट्टा.' खाली वर्णमालेनं चौदा नावं आणि प्रत्येकासमोर त्याचा 'दीपस्तंभा'चा प्रवेश-शब्द.

जिची केकची पाळी, तिची शिकायची पाळी. बाकीच्यांनी केक खायचा, आणि तिनं एका हातात टॅबलेट घेऊन चौदा जणांच्या वतीनं शहाणं व्हायचं.

सोल्वाय कप हातात घेऊन उभीच राहिली. आता बाहेर जाऊन हे ओरडून सांगायचं? टोवेला? विलुम पहिले तीन दिवस रडून निळा झाला होता तेव्हा त्याला छातीशी धरून अंगणात फेऱ्या मारणारी ती टोवे. आणि सांगितलं नाही तर? आनेलीसेंच्या मांडीवरच्या कागदात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. नवं माणूस आलं की पहिले दहा दिवस त्यानं टोवेच्या सोबत राहायचं आणि हाताखाली शिकायचं, अशी इथली जुनी रीत. प्रेबेन आला तेव्हा गावात ताप पसरला होता, म्हणून त्याला ते दहा दिवस मिळालेच नाहीत. आता फलक हिरवा झाल्यावर नव्या वर्षापासून ते कोणालाच मिळणार नव्हते. 'दीपस्तंभ' शिकवतोच आहे, मग टोवेनं कशाला? आज सही झाली की विलुमला पट्टा लावणारं प्रत्येक नवं माणूस प्रेबेनसारखंच हिरवं असणार होतं.

तिनं कपाटाचं दार हळूच लावलं आणि कप घेऊन बाहेर आली.

इकडे कार्स्टेन रंगात आला होता. त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले होते. आज आपण काय शिकलो ते मनात आठवा, म्हणाला. लोकांनी डोळे मिटले. केकच्या दिशेनं एक पोरगं रांगत निघालं. मग त्यानं डोळे उघडायला सांगितले आणि आपलं नाव दाखवलं. फलकाच्या अगदी वर, चौदा जणांच्याही वर, सोनेरी चौकटीत, 'कार्स्टेन, बावीसपैकी बावीस'. प्रत्येक संस्थेत तो स्वतःही सगळे धडे करत असे. जे मी करत नाही ते मी कोणाला सांगत नाही, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

आनेलीसेंनी पेन उचललं आणि कोणाला काही विचारायचंय का, असं रीतीप्रमाणे विचारलं. कोणी विचारत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

"मला," सोल्वाय म्हणाली. "म्हणजे, विचारायचं नाही. बघायचंय. विलुमची झोपेची वेळ होत आलीय. आणि ती गाडी इथंच आहे." चाक दुरुस्तीसाठी आत आणलेली एक बाबागाडी खरंच खिडकीपाशी होती. "कार्स्टेन, तुझा ठिपका हिरवा आहे. त्याला पट्टा लावून दाखवशील?"

खोली हसली. कार्स्टेनही हसला. हा फारच छान विचार आहे, असं म्हणून त्यानं बाह्या सरसावल्या. आनेलीसे म्हणाल्या, हो रे, दाखव ना, माझ्या नातवाच्या वेळी मलाही कधी जमलं नव्हतं.

प्रेबेननं कोणी न सांगताच गाडी जाड गादीवर सरकवली. सोल्वाय गाडीला चिकटून उभी राहिली, दोन्ही हात खाली पसरून.

कार्स्टेननं अंगपट्टा उचलला आणि समोर धरला. त्या वस्तूला चार पट्टे, तीन बक्कलं आणि दोन चाप असतात, आणि हातात घेतली की ती आठ पायांच्या प्राण्यासारखी लोंबते. त्यानं ती एकदा फिरवली. पुन्हा फिरवली. तोंड मात्र थांबलं नव्हतं.

"तर इथं आपण आधी दिशा निश्चित करतो. पाठीची बाजू ही... ही असावी. फिल्ममध्ये ती डावीकडून दाखवली आहे."

"तो फिल्ममधला बाहुला होता," मागून कोणीतरी म्हणालं. "बाहुला पाय मारत नाही."

विलुमनं मात्र पूर्ण सहकार्य केलं. त्याला अनोळखी माणसं आवडायची. हात घालायच्या भोकांतून त्याचे पाय गेले तेव्हाही त्यानं तक्रार केली नाही. बक्कल लागल्याचा खट्ट आवाज आला, कार्स्टेननं घाम पुसला आणि तो चुरचुरत दोन पावलं मागे झाला.

विलुम थोडा वेळ छताकडे पाहत राहिला. मग तो कुशीवर वळला, पालथा झाला, ढोपरं पोटाशी घेतली आणि सापानं कात टाकावी तसा पट्ट्यातून बाहेर आला. गाडीची कड धरून तो उभा राहिला, वाकला, कार्स्टेनच्या स्वेटरला लावलेला कागदी झेंडा त्यानं काढून घेतला आणि खायला सुरुवात केली.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण प्रत्येक आईबापाच्या डोळ्यांसमोर आपापली गाडी आली होती, आणि अंगणातली फरशी.

सोल्वायनं विलुमला उचलून घेतलं आणि त्याच्या तोंडातून झेंडा काढला. कार्स्टेन सावरला. हा आशयाचा प्रश्न आहे, म्हणाला; पुढच्या आवृत्तीत या विषयावर तेविसावा धडा घालता येईल.

तेव्हा प्रेबेन उठला. त्या खुर्चीतून उठायला त्याला वेळ लागला, आणि खुर्ची थोडी त्याच्यासोबत आली.

"तेविसावा नको," तो म्हणाला. "मीही हिरवा आहे. आणि दहा दिवसांपूर्वी या बाईच्या पोराला मी दांड्याला बांधलं होतं. खलाशी गाठ मारून. मला वाटलं, दोर आहे, मग बांधायचा असणार. धडा मी पाहिलेलाच नाही. माझ्या नावावर तो कसा आला, मला माहीत नाही. मी विचारायला हवं होतं. लाज वाटली, कारण फलकावर मला सगळं येत होतं."

डोर्टेनं मान खाली घातली. सोल्वायनं कपाटाकडे पाहायचं टाळलं, आणि बहुधा त्या टाळण्यावरूनच टोवेला कळलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कपाटाचं दार बिजागऱ्यांतून उचलून काढलं आणि काखेत धरून घेऊन आली. एकसष्टाव्या वर्षीही त्या बाईच्या अंगात ताकद होती. दार तिनं पडद्याला टेकवून उभं केलं, यादीची बाजू पुढे.

"हा घ्या दीपस्तंभाचा दिवा," ती म्हणाली. "आणि हे त्यात तेल घालणारे. केकसकट."

मग तिनं सगळं सांगितलं, कोणालाही न वगळता, स्वतःला तर नाहीच. धडे आले, पण धडे करायला वेळ आला नाही. चौदा माणसं, अठ्ठेचाळीस पोरं. टॅबलेट हातात घेतला की एक पोर पाण्यात नाहीतर वाळूत. म्हणून त्यांनी जे काम कोणालाच नको असतं त्याचं या देशात जे करतात तेच केलं. पाळ्या लावल्या. सगळ्यांना सारखं, कोणावर अन्याय नाही. फिल्म बोटानं ओढून शेवटाला नेता येते. मग पाच प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय. चुकलं तर दीपस्तंभ गोड आवाजात म्हणतो, पुन्हा प्रयत्न कर.

"माझा कुत्रा तिसऱ्या खेपेला पास होईल," टोवे म्हणाली. "विबेकेचे सगळे धडे आम्ही केले. बिचारीला अजून माहीतही नाही की ती आगीत तज्ज्ञ झालीय."

आनेलीसेंनी डोर्टेकडे पाहिलं. "तुला हे माहीत होतं?"

"घास आणि पट्टा मीच केले," डोर्टे म्हणाली. "सगळ्यांचे. आणि तरी सोल्वाय माझ्याकडे आली तेव्हा मी तिला ठिपका दाखवला. मला खरंच बरं वाटलं तो बघून." तिनं पडद्याकडे पाहिलं, जणू तो तिथं कोणी आणून लावला ते तिला आठवत नव्हतं. "तो हिरवा मीच केला होता."

या एका वाक्यात सगळी गोष्ट आली. दगडाला आपणच शेंदूर फासायचा, आणि चार दिवसांनी वाट वाकडी करून आपणच त्याच्या पाया पडायला जायचं. कार्स्टेननंही काही लबाडी केली नव्हती. बिचारा स्वतःच पहिला भक्त होता. त्याच्या यंत्रानं कधी म्हटलंच नव्हतं की या माणसाला पट्टा लावता येतो. ते एवढंच म्हणत होतं की या नावानं कोणीतरी, कुठूनतरी, शेवटचं बटण दाबलं. त्यापुढचं सगळं, तो पियानो, तो प्रवाह, तो उजेड, माणसांनी घातलं होतं.

कार्स्टेन बराच वेळ दारावरची यादी वाचत होता. मग त्यानं विचारलं की खोबऱ्याचा केक चांगला झाला होता का. झाला होता, असं तीन-चार जणांनी सांगितलं. त्यावर मात्र खोली हसली, आणि तोही.

आनेलीसेंनी पेनाचं टोपण लावलं. टोवेला त्या म्हणाल्या, "पट्टा शिकवायला तुला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं."

"मग दहा दिवस कशाला?"

"पहिल्या दिवशी सगळेच नीट लावतात," टोवे म्हणाली. "मी समोर असते ना. आठव्या दिवशी पाऊस असतो, तीन पोरं एकदम रडत असतात, बोटं गारठलेली असतात आणि माणसाचं लक्ष घरच्या भांडणात असतं. तेव्हा कसा लावतो ते मला बघायचं असतं. ते बघितल्याशिवाय त्याला येतं असं मी माझ्या नावानं नाही सांगत."

आनेलीसेंनी तो कागद घडी घालून पिशवीत टाकला. फाडला नाही, नगरपालिकेत कागद फाडत नाहीत. पण सही झाली नाही. आणि धड्यांसाठी आठवड्याला दोन तास वेगळे द्यायचं त्यांनी तिथंच डोर्टेला कबूल केलं. ते आधी का दिले नाहीत, असं प्रेबेननं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, कारण फलकावर सगळं वेळेत होत होतं.

साडेअकरा वाजले. पाहुणे गेले, झेंडे गोळा झाले. छपराखाली टोवे हाताची घडी घालून उभी होती आणि प्रेबेन विलुमला पट्टा लावत होता. पहिल्यांदा चाप उलटा लागला. टोवे नुसती बघत राहिली, आणि त्याचं त्यालाच कळलं. दुसऱ्यांदा दोन्ही कड्यांत चाप बसले. बोटीवर मुकादम नव्या खलाशाला डोळे मिटून गाठ मारायला लावायचा, प्रेबेन म्हणाला, आणि मग स्वतः दोर ओढून बघायचा. मला हे माहीत होतं गं. इथं येऊन विसरलो.

"ओढून बघू का?" सोल्वायनं विचारलं.

"बघच," तो म्हणाला.

तिनं डावीकडून ओढलं. मग उजवीकडून. पट्टा हलला नाही. विलुमनं दोन वेळा वर यायचा प्रयत्न केला, मग त्यानं मोठ्या माणसासारखा उसासा सोडला आणि डोळे मिटले.

दारातला तो फलक अजून शंभर टक्के हिरवाच आहे. मिळवलेलं ज्ञान परत घ्यायची त्यात सोयच नाही, असं कार्स्टेननं फोनवर कळवलं. कोणाचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र कधी संपतं, ही आठवण मात्र तो फलक नेमानं करून देतो, आणि त्यासाठी तो चांगलाच आहे. बाबागाड्यांच्या छपराखाली खिळ्याला एक वही टांगली आहे. तिच्यात तारीख, नाव, आणि तिसऱ्या रकान्यात ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याची सही. विबेके परत आली तेव्हा तिच्या नावापुढचा रकाना कोरा होता. तिला फार बरं वाटलं, म्हणाली. न शिकलेलं येत असलं की माणसाला स्वतःचीच भीती वाटते.

तेव्हा बाई असा की बुवा असा, तुमच्यासमोर कोणी लखलखता फलक आणून उभा केला की टाळ्या जरूर वाजवा, हात रिकामे असतील तर. पण एक विचारायला लाजू नका. हा दिवा कशानं लागतो? बटण दाबल्यानं लागत असेल तर तो बटणाचा दिवा आहे, शिकण्याचा नव्हे. ज्याला येतं म्हणतात त्याच्या हातात पट्टा द्या, शेजारी उभे राहा, आणि झाल्यावर दोन्ही बाजूंनी एकदा ओढून बघा. खरोखर येत असलेल्या माणसाला त्याचा कधी राग येत नाही.